आईवरून मोजलेलं मूल

खर्र. खर्र.

दुपारच्या निपचित घरात तेवढाच आवाज. मोरीत झाकून ठेवलेल्या टोपात कुर्ल्या नांग्या घासत होत्या. खाडीतल्या मोठ्या, चिखलाच्या रंगाच्या सात कुर्ल्या. झाकणावर मी वरवंटा ठेवला होता, तरी मधूनच ते एका बाजूने उचललं जायचं आणि परत बसायचं.

माझ्या मांडीवर पेंगुळलेल्या निहारने एक डोळा उघडला.

“आई, त्यो भायर येतल्यो?”

अडीच वर्षांचं पोर अगदी आजीसारखं बोलायचं.

“नाही येणार. झोप तू.”

“मगे काय करतत?”

“खेळतायत.”

“माका पण खेळूक होया.” असं म्हणून त्याने माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली. झोपताना त्याला ती लागायचीच. दुसऱ्या कुणाची चालत नसे, आजीचीसुद्धा नाही. आजीच्या कानात कुड्या होत्या आणि त्या टोचतात, अशी त्याची तक्रार होती.

सासूबाई पडवीत भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. माझा नवरा संदेश त्यांना आये म्हणतो, म्हणून मीही आयेच म्हणते. मी घाटावरची, शिराळ्याकडची. लग्न होऊन वेळवलीला आले तेव्हा मला बांगडा आणि बोंबील यातला फरक कळत नव्हता. तीन वर्षांत आयेंनी मला कुर्लीची नांगी दातांनी कशी फोडायची इथपर्यंत तयार केलं होतं. आता मी नुसती रांधत होते, खात नव्हते. निहार जानेवारीत न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी त्याचे ओठ निळे पडले तेव्हा मी गावदेवीला बोलले होते, हा तीन वर्षांचा होईपर्यंत मासे-मटण तोंडाला लावणार नाही. त्यामुळे रांधताना चाखायची पंचाईत. मग मीठ निहार बघायचा. मी पळीतला रस फुंकून गार करायचे, बोटाने त्याच्या जिभेवर ठेवायचे. तो डोळे मिटून विचार करायचा आणि म्हणायचा, “अजून थोडा.” दर वेळी “अजून थोडा.” मीठ कमी म्हणून नव्हे, आणखी एक बोट मिळावं म्हणून.

“सुने,” पडवीतून आये म्हणाल्या, “आज खोबऱ्याचा वाटप जरा सढळ हातान कर. आज पोराचो मान आसा.”

मान कसला, तर परवा त्याला हिरवं कार्ड मिळालं होतं.

त्या वर्षी होळीनंतर आठ दिवसांनी अणुवीज प्रकल्पात अपघात झाला होता. प्रकल्प आमच्यापासून दोन खाड्या पलीकडे. सरकारने नकाशावर तीस किलोमीटरची रेघ मारली आणि आतली गावं उठवली. वेळवली चौतीस किलोमीटरवर. आम्ही रेघेबाहेर, म्हणून घरात राहिलो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला की आमच्या खाडीच्या मासळीवर सध्या निर्बंध नाही. लोकांनी त्यातला “सध्या” वाचला नाही. मीही नाही.

पाऊस संपल्यावर शाळेच्या मैदानात एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. हवेत, मातीत किरणोत्सर्ग किती आहे ते आधीच मोजून झालं होतं. ही गाडी माणसाच्या आत काय आहे ते मोजायची. खाण्यातून पोटात गेलेलं आणि अंगात राहून गेलेलं. आत एक खुर्ची होती, पाठीमागे शिशाची जाड भिंत, तिच्यात मोजायचं यंत्र. दहा मिनिटं न हलता बसायचं. गावात गाडीचं नावच खुर्ची पडलं. “खुर्चीर बसलंस?” असं बायका एकमेकींना पाण्यावर विचारायच्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र बसवत नव्हते. ती दहा मिनिटं गप्प राहत नाहीत. शिवाय लहान अंगातून ते लवकर निघून जातं, मोठ्या अंगात जास्त दिवस टिकतं. म्हणून मुलाच्या जागी आई. एका घरात एकच अन्न खाणारी आई. तिच्यात सापडलं नाही तर मुलात नाही असं धरायचं आणि मुलाच्या नावाने हिरवं कार्ड द्यायचं.

मला मोजलं ते तस्नीम काझी नावाच्या मुलीने. मुलगी म्हणजे असेल सव्वीस-सत्तावीसची, पण गळ्यात ओळखपत्र होतं म्हणून आम्ही सगळ्या तिला मॅडम म्हणायचो. तिने आधी मला केसांवरून अंघोळ करायला लावली आणि कागदाचा झगा दिला. मंगळसूत्र काढा म्हणाली. सोबत आलेल्या आये लगेच ताठ झाल्या.

“ता उतरूचा नाय, बाय. झील माझो जिवंत आसा.”

“बरं, राहू दे. पण साबणाने घासून या,” ती हसून म्हणाली. मग तिने प्रश्नांचा कागद घेतला. विहीर की नळ, दूध कुठलं, भाजी कुठली. शेवटी, “घरात सगळे एकच जेवता?”

मी तोंड उघडायच्या आत आये बोलल्या. “एकाच चुलीवरचा. शेजारी बघ, भावाभावात तीन चुली. आमच्या घरात वेगळा कोणाचा शिजना नाय.”

तस्नीमने माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणाले. “एकच.”

दहा मिनिटांनी तिने सांगितलं, काही सापडलं नाही. निहारच्या नावाचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. आयेंनी तिथेच मैदानात दोन्ही हात जोडले. त्याच कार्डाच्या आनंदात ह्या सात कुर्ल्या घरी आल्या होत्या.

बाहेर जीप थांबली. निहार दचकून उठला. दारात तस्नीमच उभी, हातात फाईल, कपाळावर घाम.

“ये गो बाय,” आये उठत म्हणाल्या. “कार्डाचा तोंड गोड करूक इलंस? बस. सरबत घेशीत?”

“पाणी द्या फक्त.” ती पडवीतच खाली बसली. मी पाणी आणलं आणि निहारला परत मांडीवर घेतलं. पाणी तिने एका दमात संपवलं. मग फाईल उघडली. “आये, काल तुम्ही आणि संदेशभाऊ बसलात ना, त्याचे आकडे आले. त्यांचा तेवीसशे. तुमचा एकोणतीसशे.”

“बघ!” आये मला म्हणाल्या. “झिलापरास मी जास्त. माझो पयलो नंबर.”

“ह्यात पहिला नंबर चांगला नसतो, आये.”

आयेंचा लसूण सोलणारा हात थांबला.

“घाबरू नका. तुमच्या वयाला त्याने लगेच काही होत नाही. मी त्यासाठी आलेच नाही.” ती माझ्याकडे वळली. “मी तुमच्यासाठी आले. तुमचं काहीच आलं नव्हतं. एका चुलीवर जेवणाऱ्या तिघांमध्ये दोघांचं एवढं आणि तिसऱ्याचं शून्य असं होत नाही. सकाळपासून मी मशीन तपासतेय. मशीन बरोबर आहे. मग चुकलं कुठे?”

खर्र, टोपातून आवाज आला.

“ते काय?”

“कुर्ल्यो!” निहार माझ्या मांडीवरून उतरून तिच्यापाशी गेला. “माझ्यो.”

“अरे वा! सगळ्या तुझ्या? कोण कोण खाणार?”

त्याने एकेक बोट दुमडलं. “मी. आजी. पप्पा.”

“आणि आई?”

“आई खायना नाय. आईचो नवस आसा.”

“गप रव रे!” आये ओरडल्या.

पण ते बोलून झालं होतं. तस्नीमने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“कधीपासून?”

“जानेवारीपासून.”

“अपघात मार्चमधला.”

“हो.”

“म्हणजे अपघातानंतर खाडीतलं काहीच तुमच्या पोटात गेलेलं नाही. थोडासा रस, एखादा तुकडा?”

“काहीच नाही. रांधताना वास येतो तेवढाच.”

“आणि हा?”

मी निहारच्या गालांकडे पाहिलं. निहार दवाखान्यातून आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. ताकदीचं द्या, डॉक्टर म्हणाले होते. पोराच्या छातीला कुर्लीच्या रसासारखं औषध नाही, आये म्हणाल्या होत्या. मग रोज दुपारी मऊ भात आणि कुर्लीचा रस. नांगीतलं मांस मी सुईने काढायचे, कवचाचा कण राहू नये म्हणून दोन बोटांत चाचपून बघायचे. अपघातानंतरही सात महिने. त्याच्या गालांवर जे जे चढलं ते माझ्या हातचं होतं.

“रोज?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“परवा मी विचारलं होतं तुम्हाला.”

“तोंडाशी आलं होतं, मॅडम. पण नवस फिटेपर्यंत परक्यापुढे बोलत नाहीत. आणि मला वाटलं, मी काय खाते ते कुणाला हवंय, तुम्ही तर निहारचं बघताय.”

हे बोलताना मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते.

तस्नीमने डोळे चोळले. “माझी अम्मी पण अशीच. मन्नत मागते. जेवायला चल म्हटलं की म्हणते, पोट दुखतंय. हे मला सुचायला हवं होतं. कागदावर प्रश्न आहे नळ की विहीर. नवस आहे का, हा प्रश्न नाही.”

“माझा चुकला,” आये म्हणाल्या. “तिका बोलूक दिलंय नाय. चुलीची मिजास माका.” मग जरा थांबून, लसणीच्या सालांकडे बघत, “पण बाय, एक सांगतंय. नवस नसलो तरी काय? माशाची वाटणी कशी होता, तुका म्हायत नाय? पयला पोराक. मगे दादल्यांक. म्हाताऱ्यांक. आईक तुकडो उरता खंय? आई रस पुसून खाता.”

तस्नीम आयेंकडे बघतच राहिली.

“माझ्याकडे एकशे बारा हिरवी कार्डं आहेत,” ती म्हणाली. “वाटून झालेली.”

निहार टोपाशी जाऊन झाकणाला कान लावून बसला होता.

“त्याला मोजा,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता मोजा.”

“लहान मुलांचं मशीन शहरात आहे. यादी मोठी आहे, तीन आठवडे तरी लागतील. आमची गाडी उद्या सकाळी पुढच्या गावाला जाईल.” ती उठून उभी राहिली, दोन पावलं चालली आणि वळली. “तुमच्या मांडीवर बसेल तो? दहा मिनिटं, न हलता?”

“माझ्या मांडीवर?”

“इतर आयांबरोबर हे अवघड आहे. दोघांचं मिसळतं, लहानाचं कुठलं ते नीट कळत नाही. पण तुम्ही रिकाम्या आहात. तुम्ही दोघं एकत्र बसलात तर खुर्ची जे मोजेल ते सगळं त्याचंच असेल.”

मी निहारला उचललं. त्याला दोनदा साबण लावून अंघोळ घातली. नखं कापली. तो भोकाड पसरून रडला, कारण अंघोळ सकाळी झाली होती आणि हा अन्याय होता. आये टोप उचलून दारात उभ्या होत्या.

“तुम्ही कशाला येताय? ऊन बघा किती आहे.”

“येतंय मी. ह्यो वाटेत सोडतंय.”

शाळेच्या वाटेवर खाडीचा उतार लागतो. आये चिखलात घोट्यापर्यंत उतरल्या आणि टोप तिरका केला. कुर्ल्या पडल्या तशा आडव्या पळाल्या. एक तिथेच थांबली, नांग्या वर करून. आयेंनी तिला पायाने हलकेच ढकललं.

“माझ्यो कुर्ल्यो!” निहार माझ्या खांद्यावरून किंचाळला. “आजीन सोडल्यान! आजी वायट!”

“होय रे बाबा,” आये म्हणाल्या. “आजी वायटच.”

गाडीत गार होतं. तस्नीमने आधी मला एकटीला बसवलं. “खात्री करते. परवाचं खरं होतं का बघू.” बाहेर निहारचं रडणं आणि आयेंचं समजावणं ऐकू येत होतं. दहा मिनिटं मी समोरच्या पत्र्यावरच्या एका खिळ्याकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की माझ्या अंगात काहीतरी निघू दे. निघालं तर परवाचं मशीन चुकलं. निघालं तर निहारच्या अंगातलं माझ्याएवढंच, थोडंथोडकं.

“शून्य,” ती म्हणाली.

मग तो आला. कागदाचा छोटा झगा नव्हता, म्हणून तिने मोठ्या झग्याची बाही कापून त्याच्या डोक्यातून घातली. त्याने ती ओढून काढली. त्याने खुर्चीला लाथ मारली. तीन वेळा मोजणी सुरू केली आणि तीन वेळा थांबवावी लागली. चौथ्या वेळी तस्नीम घड्याळाकडे बघून म्हणाली, “पाच वाजता शाळेची वीज बंद करतात. आता एकच होईल.”

मी त्याला छातीशी घट्ट धरलं नाही. उलट हात सैल सोडले. मान खाली करून कान त्याच्या हाताशी नेला.

थोडा वेळ तो हुंदके देत राहिला. मग त्याची बोटं आली आणि पाळी चिमटीत धरली. साबणाने धुतलेली, सुरकुतलेली बोटं. त्याचा श्वास अजून अडखळत होता, प्रत्येक हुंदक्याला छाती उसळायची, आणि मी मनात म्हणत होते, हलू नको रे सोन्या, हलू नको. तस्नीमने हात वर करून मला खूण केली. सुरू झालं होतं.

त्या दहा मिनिटांत माझा एक पाय बधिर झाला. मान अवघडली. तो झोपला तसा जड झाला. झोपलेलं मूल एकाएकी जड होतं, प्रत्येक आईला माहीत असतं. त्याच्या डोक्याला साबणाचा आणि त्याखाली त्याचा स्वतःचा वास होता. माझ्या अंगावर बारा किलो होते आणि मागची भिंत त्यातलं मोजत होती. संगणकाच्या पडद्यावर एक उंचवटा हळूहळू वर चढत होता. माझ्या वेळी ती रेघ आडवी, सपाट होती. तस्नीमने पडदा स्वतःकडे वळवून घेतला. पण मागच्या काचेत मला तो उलटा दिसत होता. उलटा असला तरी उंचवटा उंचवटाच दिसतो.

“झाला?” बाहेरून आयेंनी विचारलं. “झाला काय गो?”

“झालं,” तस्नीम म्हणाली, पण मला उठू दिलं नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. “सहाशे चाळीस.”

“म्हणजे? आयेंचं एकोणतीसशे होतं.”

“आये मोठ्या आहेत. हा बारा किलोचा आहे. किलोमागे पन्नासच्या वर होतंय. मुलांसाठी आमच्या कागदावर वीसच्या वर लक्ष ठेवा असं लिहिलंय.”

“तो आजारी पडेल?”

“बहुतेक नाही.”

“बहुतेक.”

“ताई, मी खोटं सांगणार नाही तुम्हाला. कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण लहान अंग लवकर टाकून देतं. खाडीचं आजपासून बंद करा. दूध पिशवीचं द्या. दोन-तीन महिन्यांत हा आकडा निम्म्याच्या खूप खाली येईल, बघा.”

“आणि गेले सात महिने जे होतं?”

तिने छापलेला कागद उगाचच घडी घालून परत उलगडला.

“ते होऊन गेलं,” ती म्हणाली.

आयेंनी सोबत आणलेलं हिरवं कार्ड तिने मागून घेतलं आणि फाडलं. फाडताना तिचे ओठ हलत होते. बहुतेक ती एकशे बारामधून वजा करत होती.

परतताना ऊन कललं होतं. निहार माझ्या खांद्यावर झोपलेला. आये रिकामा टोप कमरेवर घेऊन माझ्यापुढे चालत होत्या. एरवी त्या चालता चालता बोलतात, दिसेल त्याची खबर घेतात. त्या दिवशी आंब्याखाली बसलेल्या दोघींनी विचारलं, “काय गो, सुनेक परत कित्याक बोलावलेली?” तरी त्या थांबल्या नाहीत. खाडीचा उतार आला तिथे त्या जराशा हळू झाल्या.

“नवस कोणासाठी,” त्या म्हणाल्या, “आणि पावलो कोणाक.”

टोमणा नव्हता तो. त्या मला बोलल्याच नव्हत्या. पाण्याला बोलल्या होत्या. पण मी मागेच होते आणि मला ते ऐकू आलं.

घरी आल्यावर त्यांनी संध्याकाळी पेज केली, सगळ्यांसाठी, एकाच भांड्यात. वाढताना पहिला वाडगा माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, आधी निहारला. त्या म्हणाल्या, “आजपासून आधी तू.” मला घास गिळवेना, पण त्या समोर बसून राहिल्या. मी गिळला.

तो आकडा खाली आला. शहरातल्या लहान मुलांच्या मशीनवर जानेवारीत दोनशे दहा, उन्हाळ्यात साठ. त्यानंतर काही सापडलं नाही. संदेशने बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती सोडून तालुक्याला गॅरेज घेतलं. खाडी बंद झाली, मग दोन वर्षांनी उघडली. निहार तीन वर्षांचा झाला त्या दिवशी मी देवीला नारळ ठेवला, नवस फेडला, आणि तरी मासा तोंडाला लावू शकले नाही. तस्नीमची पुढे बदली झाली. जाताना तिने निरोप पाठवला की प्रश्नांच्या कागदावर आता एक नवी ओळ आहे, आईला वेगळं विचारतात, बाकीच्यांना बाहेर बसवून. त्या ओळीमुळे पंचक्रोशीत आणखी एकोणीस कार्डं परत घेतली गेली. त्या एकोणीस आयांपैकी दोघींना मी ओळखते. बाजारात भेटलो की आम्ही भाजीचं बोलतो.

निहार आता नऊ वर्षांचा आहे. उंच होतोय, शेजारच्या मुलांपेक्षा जरा जास्तच. सर्दी झाली की मी तीन दिवस त्याच्या मानेखाली बोटं फिरवून गाठ बघते. तो म्हणतो, “आई, गुदगुल्या होतात.” त्याला ताप आला आणि एका दिवसात गेला तरी मला पटत नाही. कुणाला सांगत नाही. तो शिकवणीला जातो तेवढा तास माझा असतो. त्या तासात मी हे तुकड्यातुकड्याने लिहिलं, कुकरकडे एक कान ठेवून.

दर ऑक्टोबरला मोजणी असतेच. परवा त्याला घेऊन गेले होते. आता तो एकटाच खुर्चीवर बसतो, दहा मिनिटं पुतळ्यासारखा, आणि उठल्यावर मला विचारतो, “जरा तरी हललो?” नवीन यंत्रावर सगळ्या वर्षांचे आकडे एकाच कागदावर येतात. शाळेत मराठी वाचनात तो पहिला आहे. एसटीच्या थांब्यावर बसून त्याने तो कागद बोट फिरवत वाचायला घेतला.

“सापडले नाही. सापडले नाही. सापडले नाही.” तेच म्हणत तो एकेक वर्ष खाली आला. “साठ. दोनशे दहा. सहाशे चाळीस, कंसात आईसोबत.” बोट तिथे थांबलं. “आईसोबत म्हणजे?”

“तू लहान होतास. एकटा बसत नव्हतास. माझ्या मांडीवर बसलास.”

“म्हणजे आपल्याला दोघांना एकदम मोजलं?”

“हो.”

त्याने परत कागद पाहिला. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, माझ्यासाठी. डब्यातला शेवटचा लाडू निम्मा मोडून देताना असते तशी.

“मग ह्यातले तुझे किती, आई?”